हाफकिन आणि ६५ अंशांचा तास

गूळ करणाऱ्याला थर्मामीटर लागत नाही. आमच्या नेसरी-गडहिंग्लज भागात हंगामात गुऱ्हाळं पेटली की काहिलीजवळचा गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी चेपून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या घटकेला पाक साधारण ११५ ते ११८ अंश सेल्सिअसवर असतो. दोन-चार अंश कमी पडले तर ढेप नीट बसत नाही, वर गेले तर गूळ काळवंडतो. पिढ्यानपिढ्यांचं हे ज्ञान आहे आणि ते चुकलं तरी नुकसान एका आदणाचं होतं. शिवाय चूक डोळ्यांना दिसते.

काही वस्तू मात्र अशा असतात, की उष्णता कमी पडली हे त्यांच्याकडे पाहून, हुंगून किंवा चाखून कळत नाही. लस, सलाइन, शस्त्रक्रियेची अवजारं, दूध. बाटली स्वच्छ दिसते, लेबल नीट असतं, आणि आत काय राहून गेलं हे कळतं ते आठवड्याने, माणूस आजारी पडल्यावर. भारतात लस मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा पाया ज्याने घातला, त्या माणसाचं आयुष्य नेमकं याच प्रश्नाभोवती फिरलं. त्याचं मोठेपण एका तासाच्या उष्णतेवर उभं राहिलं आणि त्याच्यावरचा आरोपही उष्णतेच्याच हिशेबातून आला. वाल्डेमार हाफकिन हे नाव परळच्या संस्थेमुळे महाराष्ट्राला पाठ आहे. पण संस्थेच्या पाटीपलीकडचा माणूस फार थोड्यांना ठाऊक आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. तिथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकताना त्यांना इल्या मेचनिकॉफ हे गुरू मिळाले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे पुढे जगाला सांगणारे हेच ते मेचनिकॉफ. ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या तेव्हा तरुण हाफकिन स्वसंरक्षण दलात उतरले, जखमी झाले, तुरुंगातही गेले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात पुढची वाट मोकळी होती. त्यांनी तो बदलला नाही. १८८८ पर्यंत ते ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करत राहिले, मग जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉफ तिथे आधीच पोहोचले होते. जागा मिळाली ती सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा क्रम सुरू झाला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. हाफकिन डॉक्टर नव्हते. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, परके होते आणि ज्यू होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गणवेशधारी वैद्यकीय सेवेला या तिन्ही गोष्टी खुपल्या.

पॅरिसमध्ये त्यांनी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू हाती घेतला. रोग टाळण्यासाठी जंतू दुबळा करून टोचायचा, ही पाश्चर यांची कल्पना. तो दुबळा कसा करायचा? हाफकिन यांनी तो ३९ अंशांवर, सतत हवा खेळती ठेवून वाढवला. ही उष्णता जंतूला मारत नाही, पण त्याला सुखाने वाढूही देत नाही. अशा पिढ्या काढत गेलं की जंतूचा जोर उतरतो. अंश-दोन अंशांचा फरक, आणि तोही दिवसेंदिवस टिकवायचा. विजेवर चालणारी स्वयंचलित नियंत्रणं नसताना हे काम करायला वेगळाच संयम लागत असणार. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. नंतर काही मित्रांनी टोचून घेतली.

पॅरिसमधले ब्रिटनचे राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याचं सुचवलं आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. पुढची दोन-अडीच वर्षं ते उत्तर हिंदुस्थानात, बंगालमध्ये, चहाच्या मळ्यांत गावोगाव हिंडले. चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी लस टोचली. मलेरियाने शरीर खंगलं तेव्हा १८९५ मध्ये त्यांना परतावं लागलं. तब्येत जेमतेम सावरल्यावर ते पुन्हा आले, आणि तेवढ्यात मुंबईत प्लेग उगवला.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागातल्या रुग्णांमध्ये प्लेग ओळखला तो मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्यानंतरचं महाराष्ट्राला सांगायला नको. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, माणसांना ओढून नेणं, १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात रँडचा खून. मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आमच्या कोल्हापूर संस्थानालाही साथीने सोडलं नाही. गावं ओस टाकून लोक माळावर झोपड्यांत राहायला गेल्याच्या आठवणी जुन्या माणसांकडून ऐकत आमची पिढी वाढली.

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. सरकारने त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिला लागून एक व्हरांडा दिला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. मदतनिसांपैकी एकाचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं, दोघे काम सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत.

त्यांची पद्धत साधी होती, पण त्या साधेपणात पुष्कळ विचार होता. मांसाचं पाणी करून त्यात जंतू वाढवायचे, ही तेव्हाची रीत. हिंदुस्थानात लस कशापासून केली हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जाणार, गाईचं की डुकराचं अशी कुजबुज होणार, हे त्यांनी ओळखलं आणि बकऱ्याचं मांस वापरलं. काचेच्या चंबूत ते पाणी भरायचं आणि वर चक्क तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांना खालून चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे पाण्यात लोंबत. चंबू हलवला की ते खाली पडत आणि वर नवी फळी लागे. हा आकार प्लेगच्या जंतूचाच, त्यामुळे चंबूत भलतंच काही शिरलं नाही ना, याचीही ती एक खूण होती. पाच-सहा आठवडे हे पीक घ्यायचं. प्लेगच्या जंतूला आपल्या शरीराएवढी ऊब लागत नाही. २८-३० अंशांवर तो छान वाढतो, म्हणजे मुंबईची हवा त्याला पुरते.

मग कळीचा टप्पा. चंबू गरम पाण्यात ठेवून ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायचा. जंतू मेला पाहिजे, पण त्याच्या अंगातलं जे द्रव्य आपल्या शरीराला प्रतिकार शिकवतं, ते फार शिजता कामा नये. उकळी आणली तर जंतू नक्की मरतील, पण लसही जाईल. कमी तापवलं तर आपण रोगच टोचतो आहोत. म्हणजे वर एक भिंत, खाली एक भिंत, आणि मधल्या अरुंद बोळातून तासभर चालायचं. चंबूच्या कडेचं पाणी ६५ अंशांवर पोहोचलं म्हणून मधलंही पोहोचलं असं नाही, म्हणून वेळ मोजायचा तो आतलं तापल्यावर. शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचं. ते रखवालदारासारखं. बाटली भरताना, बूच लावताना एखादा जंतू आत आलाच, तर त्याला वाढू द्यायचं नाही, एवढं त्याचं काम.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर, पुढे लोकांना दिली गेली तिच्या तिप्पट-चौपट. जबर ताप आला, दंड सुजला, आणि काही दिवसांनी ते कामावर होते. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि टोचलेले व न टोचलेले यांच्यातला फरक दिसू लागला. पण खरा नमुनेदार प्रयोग पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात झाला. एकाच घरातल्या काहींना लस द्यायची, काहींना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यातले २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला, ३ दगावले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, हे खरं. पण त्या काळात लस उपयोगी आहे की नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे आकडे दुर्मीळ होते. त्याच वर्षी बेळगावच्या पुढे हुबळीत हजारो लोकांना लस देण्यात आली.

मागणी वाढत गेली तशी जागा अपुरी पडू लागली. प्रयोगशाळा दोनदा हलली आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात कायमची आली. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या झडत, तिथे जंतूंच्या चंबूंच्या रांगा लागल्या. इथून पुढे लस बनवणं ही एका शास्त्रज्ञाच्या टेबलावरची गोष्ट राहिली नाही, तो कारखाना झाला. कारखान्याचा प्रश्न वेगळा असतो. दहा चंबूंवर माणूस स्वतः नजर ठेवतो. दहा हजार बाटल्यांवर ठेवता येत नाही. तिथे प्रत्येक टप्प्याला नियम लागतो, नियम पाळल्याची नोंद लागते, आणि घाई झाली की नेमका कोणता टप्पा आखडता घेतला हे नंतर सांगता यावं लागतं.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रचंड मोठी मागणी नोंदवली. तुपाच्या थेंबांखाली सहा आठवडे पीक घेऊन ती पुरी होणार नव्हती. हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू द्रवात न वाढवता आगरच्या घट्ट थरावर वाढवायचे आणि धुऊन घ्यायचे, म्हणजे माल लवकर तयार होतो. या नव्या रीतीत कार्बोलिक आम्ल गाळलं गेलं. उष्णता पुरेशी आहे, असा हिशेब होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही केवळ उष्णतेवर तयार केलेली लस वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल या गावात, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या. त्यांपैकी चार बाटल्यांतून ज्यांना टोचलं, त्यांना काही झालं नाही. ५३-एन असा क्रमांक असलेल्या बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्यांना आठवडाभरात धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले.

धनुर्वाताचा रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला या वाक्यामागे काय आहे ते सांगावं लागत नाही. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताणते, दार वाजलं तरी झटका येतो, आणि हे सगळं पूर्ण शुद्धीत. मी वैद्यकीय शिक्षण घेत असताना सरकारी रुग्णालयांत धनुर्वाताची वेगळी अंधारी खोली असे. आता लसीकरणामुळे तरुण डॉक्टरांनी तो रोग पुस्तकातच पाहिलेला असतो. मुलकोवालच्या एकोणीस घरांनी तो रोग टाळायला नव्हे, दुसराच रोग टाळायला दंड पुढे केला होता.

आता शास्त्राचा भाग, कारण सगळा वाद त्यावर आहे. प्लेगचा जंतू ६५ अंशांवर तासाभरात मरतो. धनुर्वाताचा जंतूही तसा मरतो, पण त्याचं बीज, ज्याला आपण स्पोअर म्हणतो, ते मरत नाही. किती चिवट? १८८९ मध्ये किटासातो या जपानी शास्त्रज्ञाने धनुर्वाताचा जंतू पहिल्यांदा वेगळा केला तो याच चिवटपणाच्या आधारे. जखमेतल्या जंतूंचं मिश्रण त्याने ८० अंशांवर पाऊण-एक तास तापवलं. बाकी सगळे मेले, धनुर्वाताचं बीज तेवढं उरलं. उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाही. त्याला दाबाखालची वाफ लागते, १२१ अंशांची, किमान पंधरा मिनिटं. म्हणजे ६५ अंशांचा तास प्लेगविरुद्ध पक्का होता आणि धनुर्वाताविरुद्ध त्याचा काही उपयोग नव्हता. बाटली, बूच, पाणी, आगर आधीच वाफेने पूर्ण निर्जंतुक झालेलं असणं आणि नंतर त्यात काही न पडणं, यावरच सगळं अवलंबून होतं. आणि रखवालदार काढून घेतलेला होता.

चौकशी आयोग बसला. अध्यक्षस्थानी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. आयोगाने निष्कर्ष काढला, की धनुर्वाताचा शिरकाव बाटली मुलकोवालला उघडण्याआधी, म्हणजे परळलाच झाला. नवी पद्धत, गाळलेलं आम्ल, हे हाफकिन यांच्या अंगावर आलं. त्यांना परळच्या संचालकपदावरून दूर व्हावं लागलं आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले. चाळिशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला माणूस एका बाटलीसाठी जबाबदार धरला जाऊन बसला होता. त्यांना साधी उलटतपासणीची संधीही नीट मिळाली नाही, अशी त्यांच्या बाजूच्या शास्त्रज्ञांची तक्रार होती.

कागदपत्रं प्रसिद्ध झाल्यावर त्यांतली एक नोंद पुढे आली. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला गेला आणि त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचं बीज मातीत असतं, शेणखतात असतं, जमिनीवर पडलेल्या चिमट्याला ते लागणं सहज शक्य होतं. कार्बोलिकच्या पाण्यातली क्षणभराची बुडी त्याला मारत नाही.

याला आणखी दोन मुद्द्यांनी बळ दिलं, आणि एक डॉक्टर म्हणून मला हे दोन्ही मुद्दे फार वजनदार वाटतात. ५३-एन बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचं बीज भरतानाच आत गेलं असतं, तर बंद बाटलीत, हवेविना, उबदार हवामानात ते एवढ्या दिवसांत भरपूर वाढलं असतं. अशा वाढीला उग्र, कुजका वास येतो. बाटली उघडताना तसा वास कुणाला आला नव्हता. दुसरं असं, की इतके दिवस वाढलेल्या जंतूने बाटलीतच विष तयार करून ठेवलं असतं. तयार विष टोचलं गेलं तर लक्षणं लवकर दिसतात. इथे ती आठवडाभराने आली, जखमेत ताजं बीज गेल्यावर येतात तशी. दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात: बाटली परळहून स्वच्छ निघाली आणि मुलकोवालच्या मातीने बाधली.

मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. लंडनचे विल्यम सिम्पसनही होते. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या द टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. परळवरचा ठपका सिद्ध झालेला नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षाअखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीवर येण्याचं निमंत्रण दिलं.

पाच वर्षं गेली होती. त्या पाच वर्षांत पंजाबातली लसमोहीम कोलमडली. लोकांनी दंड मागे घेतले, आणि कुणी त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. एकट्या १९०७ साली पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसं गेली. यातली किती लसीने वाचली असती, याचा हिशेब कोण मांडणार?

माझ्या मते चूक कुणाची होती एवढाच प्रश्न विचारून आपण हे प्रकरण मिटवतो, तेव्हा त्यातलं महत्त्वाचं हातून निसटतं. चिमट्याचा पुरावा भक्कम आहे आणि हाफकिन यांच्यावर अन्याय झाला, याबद्दल मला शंका नाही. तरीही कार्बोलिक आम्ल काढून टाकणं मला पटत नाही. ते बाटलीत असतं तरी जमिनीवरून आलेलं ताजं बीज लगेच मेलं नसतं, हे मान्य. पण घाईच्या दिवसांत, जेव्हा हात वाढतात आणि नजर कमी पडते, तेव्हा सुरक्षेचा एक थर कमी करू नये. शिवाय तो थर असता तर परळवर संशय घ्यायला जागाच राहिली नसती. ६५ अंशांचा तास पाळला गेला की नाही, वाफेने बाटल्या निर्जंतुक झाल्या की नाही, हे ठरवताना आयोगाला साक्षींवर आणि तर्कावर विसंबावं लागलं.

आज हेच काम कसं होतं, ते पाहण्यासाठी परळला जायला नको. आमच्या भागातून रोज दूध गोळा होऊन डेअरीला जातं. तिथे ते ७२ अंशांवर तापवून किमान १५ सेकंद एका लांब नळीतून नेतात. नळीच्या शेवटी तापमान मोजणारा काटा आणि त्याला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. दूध ७२ अंशांच्या खाली आलं, की व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि ते दूध पुढे पिशवीकडे न जाता पुन्हा तापायला मागे जातं. कामगाराला निर्णय घ्यावा लागत नाही, साहेबाला विचारावं लागत नाही. वीज गेली किंवा हवेचा दाब पडला तरी स्प्रिंग व्हॉल्व्हला मागच्याच वाटेवर ढकलते, म्हणजे बिघाड झाला तरी कच्चं दूध पुढे जात नाही. आणि तापमानाची रेघ कागदावर किंवा संगणकात सतत उमटत राहते. मंगळवारी पहाटे साडेचारला तापमान किती होतं, हा प्रश्न सहा महिन्यांनी विचारला तरी उत्तर आहे.

रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हमध्येही व्हॉल्व्हच निर्णायक असतो, आणि याबाबत आमच्या क्षेत्रात अजूनही ढिलाई आहे. घरच्या कुकरचाच हा मोठा भाऊ. दाबाचा काटा १५ पौंडांवर आला, की आत १२१ अंश झाले असं आपण धरतो. हे खरं आहे, पण आत फक्त वाफ असेल तर. सुरुवातीला आत हवा भरलेली असते. ती बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, हवा पूर्ण निघून वाफेचा जोरदार झोत आल्यावरच तो बंद करायचा असतो. घाईने आधीच बंद केला आणि निम्मी हवा आत राहिली, तर काटा १५ पौंडच दाखवतो, आत मात्र ११२ अंशच होतात. हवा मुळीच काढली नाही तर जेमतेम १००. काटा खोटं बोलत नाही, तो दाब सांगतो, आपण त्यातून उष्णता वाचतो. अवजारं गरम निघतात, कापड वाफाळलेलं असतं, आणि धनुर्वाताचं बीज जिवंत असतं. म्हणून चांगल्या रुग्णालयात दाबाच्या काट्यावर विसंबत नाहीत. उष्णता सोसणाऱ्या जंतूंचं बीज असलेली कुपी अवजारांच्या गठ्ठ्यात ठेवतात आणि ते मेलं का, हे नंतर तपासतात. तुमच्या घरातल्या कुणाची शस्त्रक्रिया असेल, तर ही चाचणी किती दिवसांनी होते, असं जरूर विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर तेही एक उत्तर आहे.

हाफकिन १९०७ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. पूर्वीचा अधिकार, मोठी प्रयोगशाळा, नव्या लसीच्या चाचण्या घेण्याची मोकळीक, यातलं काही त्यांना मिळालं नाही. निवृत्तीच्या वयापर्यंत ते तिथे राहिले आणि १९१५ च्या सुमारास युरोपला गेले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माचरणाकडे वळले, त्यावर त्यांनी लिहिलंही. जंतुशास्त्रावर मात्र पुढे फारसं काही केलं नाही. माझ्या दृष्टीने या कथेतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच. पन्नाशीतला, हाताला यश असलेला शास्त्रज्ञ, आणि त्याच्यापुढे काम ठेवायला कुणी नव्हतं.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आलं. तेव्हा ते हयात होते. कृतज्ञतेचं पत्र त्यांनी पाठवलं आणि आपल्या आयुष्यातली उत्तम वर्षं मुंबईच्या कामाने घेतली, अशा अर्थाचं काहीतरी त्यात लिहिलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. पोलिओच्या मोहिमेत आपल्या मुलांच्या तोंडात पडलेले थेंब ज्या कुपीतून आले, तिच्यावर पुष्कळदा हेच नाव होतं.